बदाम राणीची जागा

वणीच्या देवीची शपथ! हा बघा, गळ्याला हात लावला. आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी ताटात पडो, तीही व्याह्यांच्या देखत!

असं ओरडून सांगावं लागतं, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये माझं नाव जरा वाईट आहे. सिडकोत बिबट्या शिरला होता तेव्हा तो आमच्या जिन्यात येऊन बसला आणि मी त्याला लाटणं दाखवून खाली पिटाळला, हे मी सांगते तेव्हा लोक हसतात. हसू देत. त्या बिबट्यात थोडं इकडचं तिकडचं असेलही. कॉम्प्युटरचं तसं नाही. ते सगळं भर दुपारी झालंय, घरातली माणसं जागी असताना. आणि शेवटच्या दिवशी जे घरात होते त्यातल्या एकाने त्यानंतर आमचा उंबरा ओलांडलेला नाही.

तर आमचे हे. नाव मी घेत नाही, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं बास. यांचा उभा जन्म पिंपळगाव बसवंतला कोल्ड स्टोरेजमध्ये गेला. द्राक्षाच्या पेट्या आत, द्राक्षाच्या पेट्या बाहेर. त्याने यांचे हात कायमचे गार झाले होते. मे महिन्यात पाठीला हात लावला तरी मी किंचाळायची. रिटायर झाल्यावर आमच्या मुलाने, शेखरने, स्वतःचा जुना कॉम्प्युटर यांना दिला. टेबलावर स्क्रीन, शेजारी तो डबा, आणि टेबलाखाली त्याला वीज पुरवणारा यूपीएस. यूपीएस लय म्हातारा. लाइट गेली की टीं टीं करून गल्ली गोळा करायचा, आणि लाइट असली तरी आपला घुं घुं पुटपुटत बसायचा. एवढं सगळं यंत्र घरात आलं आणि यांनी त्याचा एकच उपयोग केला. पत्ते खेळले.

जेवण झालं की हे खिडकीजवळ टेबलाशी, आणि मी शेजारी पलंगावर लसूण सोलत. त्या खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो, खालचा भाजीवाला दिसतो, समोरच्या घरात कोण आलं कोण गेलं सगळं दिसतं. मी एक डोळा तिकडे आणि एक डोळा यांच्या डावावर ठेवायची.

"अहो, ती बदाम राणी उचला ना. काळा राजा मोकळा झालाय."

"राहू दे. बसलीय तिथं बरी बसलीय."

"अहो पण डाव अडकलाय!"

"अडकू दे. तिला कशाला हलवायचं?"

आणि खरंच हलवायचे नाहीत. डाव हरायचे, पण बदाम राणी एकदा जिथं पडली तिथंच ठेवायचे. असा माणूस.

अशाच एका दुपारी यांनी डाव अर्धा टाकला आणि खुर्चीतच मान कलती केली. मी म्हटलं डुलकी लागली. लसूण संपला तरी उठले नाहीत तेव्हा मी हात धरला. हात गारच होता, पण तो तर नेहमीच असायचा, म्हणून मला कळायला वेळ लागला.

दहावा रामकुंडावर केला. पिंड ठेवला. कावळे होते, भिंतीवर ओळीने बसलेले. एक खाली आला, पिंडाभोवती चालला, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि परत भिंतीवर जाऊन बसला. आमच्यात असं झालं की समजायचं, गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिलीय. मग एकेकाने पुढं व्हायचं आणि शब्द द्यायचा. बरोबर शब्द दिला की कावळा शिवतो.

शेखर म्हणाला, "बाबा, आईला सांभाळीन." कावळा ढिम्म. ज्योत्स्ना, आमची सून, म्हणाली, "बाबा, आरोहीला पाहिजे तेवढं शिकवू." कावळा पंख खाजवत बसला. यांचे मावसभाऊ फकिरा भाऊजी, ते पुढं झाले आणि हळूच म्हणाले, "तुझी छत्री माझ्याकडं राहिलीय, ती आणून देतो." तरी नाही. ऊन चढलं, पाय भाजायला लागले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. छत्री अजून यायचीय.

पुढं काही दिवसांनी शेखरने जेवताना विषय काढला.

"आई, कंपनी मला पुण्याला पाठवतेय. इथलं घर विकून तिकडं घ्यावं म्हणतो. तू आमच्याबरोबरच राहायचं, तुझी वेगळी खोली असेल."

"कितव्या मजल्यावर?"

"वरती आहे. लिफ्ट आहे."

"मग भाजीवाल्याशी भांडायचं कसं? पॅराशूट बांधून?"

सगळे हसले. मीही हसले. मनातलं बोलायची वेळ आली की मी थट्टाच करते, ही माझी खोड. मला त्या खिडकीतून उठायचं नव्हतं, एवढं साधं होतं. पण ते काही तोंडातून आलं नाही. शेखरला वाटलं, आई तयार आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पलंगावर आडवी झाले होते. डोळा लागता लागता आवाज आला. घर्रर्र... कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा. मी डोळे उघडले. खुर्ची रिकामी आणि तिच्यासमोर स्क्रीन हळूहळू उजळत होता. निळा उजेड खुर्चीच्या पाठीवर पडला. आणि स्क्रीनवर पत्ते आले. तोच डाव. यांनी अर्धा टाकलेला. उजव्या कडेला बदाम राणी, एकटी.

बंद करावा म्हणून मी माउसला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. माउस गार होता. फरशी गार असते तसा नाही हो. कोल्ड स्टोरेजचं दार उघडून आतल्या पेटीला हात लावला की बोटं चिकटतात, तसा. आणि खोलीत द्राक्षांचा वास. बाजारात द्राक्षाचा मणी नव्हता त्या दिवसांत.

"ज्योत्स्ना! अगं ए ज्योत्स्ना!"

ती पिठाच्या हाताने धावत आली. तिने भिंतीतली वायर उपटली. स्क्रीन तसाच. खालून यूपीएस टीं टीं करायला लागला, आम्ही दोघी एकमेकींना धरून उभ्या, आणि बऱ्याच वेळाने सगळं आपोआप विझलं.

संध्याकाळी आरोही कॉलेजातून आली. अकरावीला आहे, सायन्सला, म्हणजे सगळं येतं तिला.

"आजी, तो बंद नव्हताच. आजोबा गेले त्या दिवशी कोणीतरी नुसता झोपवून ठेवला असणार. कॉम्प्युटर झोपवला की आतलं सगळं तसंच राहतं. उठला की जिथं होता तिथून सुरू."

"मग आज उठवला कोणी?"

"माउसला धक्का लागला असेल."

"कोणाचा?"

"झुरळाचा, आजी! झुरळं कमी आहेत का तुझ्या खोलीत?"

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. यांनी डाव टाकला तेव्हा इस्पिक नव्वी खाली लटकत होती. मी स्वतः बघितली होती, यांना ओरडलेही होते तिच्यावरून. आता ती चौकट दश्शीवर जाऊन बसली होती. एवढं पान हलवणारं झुरळ नाशकात तरी मी बघितलं नाही.

मग ते रोजचंच झालं. दुपारची जेवणं आटोपली की घर्रर्र. पंखा, उजेड, डाव. आणि रोज एखादं पान पुढं सरकलेलं. बदाम राणी तेवढी जागच्या जागी.

त्रिमूर्ती चौकात मुस्तकीमचं दुरुस्तीचं दुकान आहे. तोंडात कायम बडीशेप, आणि जगातल्या कुठल्याही बिघाडाचं उत्तर बडीशेपेच्या मागे तयार. त्याला बोलावलं.

"आजी, भूतबीत कुछ नहीं," डब्याचं झाकण काढत तो म्हणाला. "मशीन आहे. मशीनला फक्त धूळ होते."

धूळ निघाली खरी. पालीच्या अंड्याची टरफलंही निघाली. त्याने आतली एक हिरवी पट्टी काढून खोडरबरने घासली. "ही रॅम. ही साफ केली की अर्धे आजार जातात." चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी घर्रर्र.

परत आला. या वेळी त्याला स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख दिसली. "हे बघा! तारीख मागची दाखवतोय. आत बटणाएवढी बॅटरी असते, ती मेली. ती मेली की मशीनचं डोकं फिरतं."

मी चष्मा लावून बघितलं. तारीख यांच्या जाण्याच्या आधीची होती.

"मुस्तकीम, म्हणजे ह्याच्या मते हे अजून गेलेच नाहीत?"

त्याचं बडीशेप चघळायचं थांबलं. "असं नका बोलू आजी. बॅटरी आहे फक्त ती." नवी बॅटरी टाकली, तारीख बरोबर केली. दुसऱ्या दिवशी परत तीच जुनी तारीख.

मग तो म्हणाला, कोणीतरी लांबून चालवत असेल. इंटरनेटची वायर काढली. मग म्हणाला, माउस खराब आहे. माउस काढून खिशात टाकला आणि आमच्याबरोबर दुपारी मुद्दाम बसून राहिला. पंखा घुमला. उजेड आला. माउस त्याच्या खिशात, आणि आमच्या डोळ्यांदेखत किलवर सत्ती उचलली गेली, सावकाश तरंगत गेली, आणि बदाम अठ्ठीवर बसली. आमचे हे पान टाकायच्या आधी जरा थांबायचे, तशीच ती मध्ये जरा थांबली होती.

मुस्तकीम म्हणाला, "हँग होतोय." पण ते त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं. खिशातला माउस काढून टेबलावर ठेवला, आणि ज्या हाताने काढला तो हात पँटला पुसत राहिला.

शेखर हे सगळं ऐकायचा आणि हसायचा. दुपारी तो घरी नसायचा ना. त्याने बघितलं ते पुढच्या रविवारी. लखन नावाचा एजंट घर दाखवायला एका नवराबायकोला घेऊन आला. बाई चांगल्या होत्या बोलायला. माझ्या खिडकीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा पलंग इथून काढला की इथं आपला टीव्ही मस्त बसेल."

घर्रर्र.

सगळे वळले. स्क्रीन उजळला. एक पान उचललं गेलं, थांबलं, खाली बसलं.

"कोण चालवतंय हे?" बाईंनी विचारलं.

आता मी काय खोटं बोलू? म्हटलं, "आमचे हे आहेत. जेवण झालं की खेळतात. तुम्ही बघा निवांत, ते काही बोलत नाहीत."

चपला घालायलाही थांबल्या नाहीत बाई, हातात घेऊन जिना उतरल्या. लखन मागोमाग. त्यांचे चहाचे कप भरलेले राहिले, ते मी प्याले. वाया कशाला घालवायचे?

शेखर मात्र लाल झाला होता. "आई, बास झालं. हे तूच करतेस."

"देवीची शपथ, मी हातसुद्धा—"

"शपथ! बिबट्याच्या वेळी पण देवीचीच घेतली होतीस."

"अरे पण ज्योत्स्नाने बघितलंय, मुस्तकीमने बघितलंय—"

"तुला घर सोडायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं होतंस. हा तमाशा कशाला?" तो म्हणाला. "शनिवारी भंगारवाला येईल. हा डबा जाईल. आणि रविवारी दुसरी पार्टी येतेय, तेव्हा तू फकिरा काकांकडं जाऊन बस."

तो बाहेर गेला तरी मी पलंगावर तशीच बसले होते. तोंडाने सांगायचं होतं म्हणे. आता सांगितलं असतं तरी कोणी ऐकलं असतं?

रात्रीच्या भाकऱ्या थापताना ज्योत्स्ना माझ्याजवळ सरकली. "आई, रामकुंडावर कावळा शिवला नव्हता."

"मग?"

"मग... तिकडं नाही शिवला, तो इकडं येऊन बसलाय. तसंच करूया का? पान वाढून ठेवू. शब्द देऊ. बरोबर शब्द मिळाला तर जाईल."

"कॉम्प्युटरपुढं पान?"

"रॅम घासून झाली, बॅटरी झाली. आता हेच राहिलं ना!"

बँकेची परीक्षा दिलेली बाई ती! पण मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं, ती सत्ती तरंगताना बघितली असती तर.

शनिवार आला. सकाळी मी मारुतीला जाऊन आले. ज्योत्स्नाने यांच्या आवडीचे शेंगोळे केले, बाजरीची भाकरी, वर ठेचा. स्क्रीनपुढं ताट ठेवलं. टेबलावर मी शिवलेली गोधडी असते, जमिनीपर्यंत लोंबणारी, तिच्यावर पाणी शिंपडून घेतलं. मी यांच्या खुर्चीत बसले. शेखर दाराला टेकून, हाताची घडी घालून उभा. "करा काय करायचं ते. संध्याकाळी भंगारवाला येतोय."

दुपार कलली. बाहेर एक कुत्रं भुंकत होतं ते मध्येच थांबलं. आणि डबा घुमला. त्या दिवशी आवाज निराळा होता. नुसता पंखाच, बाकी काही नाही. यूपीएसचं पुटपुटणंसुद्धा नाही. खोलीत गारवा आला. शेंगोळ्यांची वाफ दिसता दिसता बसली.

आरोही पहिली. भूत मानत नाही म्हणणारी, तिचे दात वाजत होते. "आजोबा, मी रोज अभ्यास करीन. मोबाईल कमी बघीन." पंखा तसाच घुमत राहिला.

ज्योत्स्ना हात जोडून म्हणाली, "बाबा, तुमचं वर्षश्राद्ध नीट करू. कोणाला उपाशी पाठवणार नाही." काही नाही.

तेवढ्यात दारात मुस्तकीम आला. हातात जड पिशवी. आत काय चाललंय ते त्याला कळेना. ज्योत्स्नाने खुणेने सांगितलं, शब्द दे. त्याने स्क्रीनकडे बघितलं. मग एकदम पिशवी छातीशी धरली, लहान लेकरू धरतात तशी, आणि भिंतीला चिकटला. "आजोबा," तो कसंबसं बोलला, "तुमचा माउस चांगला होता. खराब म्हणून मीच खिशात घातला. माफ करा." एवढं बोलून त्याची बोबडीच वळली.

"झालं?" शेखर पुढं आला. "सरका. मी बंद करतो."

त्याने वाकून माउसवर हात ठेवला.

आणि हात तिथंच राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आधी भुवया वर गेल्या. मग ओठ लहानपणी ताप भरायचा तेव्हा व्हायचे तसे झाले. ताप आला की हे कामावरून येऊन नुसता हात ठेवायचे त्याच्या कपाळावर. पाण्याची पट्टी लागायची नाही, यांचा हातच पुरायचा.

"बाबा?" तो म्हणाला.

मग त्याने खिडकीकडे बघितलं.

"बाबा, घर नाही विकणार. आईला इथून हलवणार नाही. ती त्या खिडकीतच राहील." "शब्द देतो."

स्क्रीनवर पानं हलायला लागली. एकामागून एक, भराभर, सगळी वर जायला लागली. एक्के, दुर्र्या, तिर्र्या, सगळा डाव सुटत गेला. खाली दोनच पानं राहिली. बदाम राणी तिच्या जागेवर, आणि तिच्या शेजारच्या रांगेत बदाम राजा. पत्त्यांचा नियम असा की राणी वर गेल्याशिवाय राजा वर जात नाही. ती दोघं तशी शेजारी शेजारी जरा वेळ राहिली. मग स्क्रीन काळा झाला. पंखा थांबत थांबत थांबला. बाहेर कुत्रं परत भुंकलं.

मुस्तकीम पिशवी छातीशी धरून जिना उतरला तो थेट चौकात. चपला आमच्या दारात राहिल्या.

आता तुम्ही घाबरला असाल, म्हणून गुपित सांगते. माझ्यावर रागावू नका. त्या यूपीएसला पुढून एक मोठं बटण आहे. गोधडीच्या आड, टेबलाखाली, बरोबर माझ्या पायाशी. मी चप्पल काढून अंगठा त्याच्यावर ठेवूनच बसले होते. आरोहीने अभ्यासाचा शब्द दिला, मी हलले नाही. मोबाईल, माउस, श्राद्ध, काहीही बोलू देत. पण मला पाहिजे तो शब्द शेखरच्या तोंडून आला की अंगठा दाबायचा आणि खेळ खलास करायचा, असं मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. कावळ्याला नाही जमलं ते आजीने जमवलं!

हे मी पहिल्यांदा आरोहीला सांगितलं. पोरगी त्या खोलीत पुस्तक घेऊन बसेना, पाणी प्यायला उठली तरी आईला हाक मारायची. अंगठ्याचं ऐकून इतकी हसली की उचकी लागली. त्या रात्रीपासून तिथंच अभ्यास करते, त्याच टेबलावर. तिने बापाला सांगितलंच. ही असली पोरं, पोटात काही राहत नाही.

शेखर माझ्यासमोर येऊन बसला. मी म्हटलं गेलं घर.

"आई, अंगठ्याने बंद केलास?"

"हो."

"कुठल्या पायाच्या?"

"उजव्या."

बराच वेळ तो त्या पायाकडे बघत बसला. मग हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तुझं काय करावं कळत नाही," म्हणाला. "अंगठा असेल गं तुझा. पण माउस गार होता." आणि उठून गेला. लखनला फोन करून नाही म्हणून सांगितलं. आता तो पुण्याला खोली घेऊन राहतो, शनिवार-रविवारी येतो. मी खिडकीत बसून लसूण सोलते. भाजीवाल्याशी भांडण चालू आहे. कॉम्प्युटर त्या दिवसानंतर आपणहून लागला नाही. भंगारवाल्याला मी जुने डबे देऊन कटवला.

तर अशी गोष्ट. देवीची शपथ घेतली होती, शब्द न् शब्द खरा.

आता असे बघू नका माझ्याकडे. बरं, एक. एकच गोष्ट मी पदरची घातलीय, तीही आरोहीला झोप लागावी म्हणून. देवीला मी सांगितलंय, तिने चालवून घेतलंय.

मी सकाळी मारुतीला गेले होते ना, तेव्हा मुस्तकीम येऊन गेला होता. ज्योत्स्नाने दार उघडून दिलं, पण ती काही एकटी त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती, त्यामुळे तो आत काय करून गेला ते तिला कळलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. बॅटरी बदलायची म्हणून यूपीएस उचलून पिशवीत घालून घेऊन गेला होता. तोच परत आणत होता दुपारी, दारात आला तेव्हा. दुकानात त्याच्या चपला द्यायला गेले तेव्हा त्याने मला हे सांगितलं, काउंटरच्या मागून, बडीशेप न खाता.

मला ते आधीच कळलं होतं. शेखरने शब्द दिला तेव्हा मी अंगठा दाबला, हे खरं आहे. ठरवलं तसाच जोरात दाबला. पण त्याच्याखाली बटण नव्हतं. नुसती गार फरशी होती, आणि बाजूला कॉम्प्युटरची वायर, कशालाच न लावलेली.